वेंगुर्ल्याचे पाखरांचे खडक

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने हडपसर ओलांडून थोडे पुढे गेले म्हणजे कवडीपाट लागतो. मुळा-मुठेचा प्रवाह येथे एका बंधाऱ्यावरून पसरट होऊन वाहतो. पाण्याची दशा काय झाली आहे ते पुणेकरांस सांगण्याची आवश्यकता नाही. साऱ्या नगराचे सांडपाणी पोटात घेऊन नदी येथवर येते. तरीही मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत, भल्या पहाटे, हातभर लांब भिंगांचे कॅमेरे घेतलेली मंडळी ह्या काठावर ओळीने बसलेली आढळतात. बरोबर बहुधा एखादा जाणता वाटाड्या असतो. तो हलक्या आवाजात पाखरांची नावे सांगतो आणि ऊन कोणत्या अंगाने येईल तेही सांगतो. धुके विरळ झाले की चक्रवाक, तलवार बदके, शेकाटे दिसू लागतात, आणि त्यांच्या संगतीने पाण्यावर घिरट्या घालणारे पांढरे कुरवही दिसतात.

ह्या कुरवांपैकी एकाला तपकिरी डोक्याचा कुरव असे नाव आहे. गंमत अशी की, हिवाळ्यात त्याचे डोके तपकिरी नसते. डोळ्यामागे एक मळकट ठिपका तेवढा उरलेला असतो. ज्या रंगावरून त्याचे नाव पडले तो रंग त्याला विणीच्या दिवसांत चढतो, आणि त्या दिवसांत तो हडपसरपासून शेकडो कोस दूर, लडाख व तिबेट येथील उंच सरोवरांच्या काठी असतो. म्हणजे पुण्याच्या माणसास हे पाखरू दिसते ते प्रवासी वेषात. त्याचा संसार, त्याचे घरटे, त्याचे भांडणतंटे पाहावयाचे तर त्याच्या माहेरी गेले पाहिजे.

पाण्यावरच्या पाखरांचे माहेर पाहण्याची ही ओढ फार लांबवर नेते. नॉर्वे, आइसलंड, स्कॉटलंडच्या पलीकडची ओसाड बेटे अशा ठिकाणी सागरपक्षी हजारांनी, लाखांनी एकत्र वीण करतात; आणि त्यांची छायाचित्रे घेण्यासाठी वाटाड्यासह जाणारे लहानलहान मेळे आता दरवर्षी उन्हाळ्यात निघतात. इतक्या लांब जाणे सर्वांच्या आवाक्यातले नव्हे. परंतु असे एक स्थान महाराष्ट्राच्याही पदरी आहे, आणि ते पुष्कळांस ठाऊक नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या समुद्रात जे खडक आहेत ते आपल्याकडचे सागरपक्ष्यांचे गाव होय. उत्तरेकडची ती बेटे आणि हे वेंगुर्ल्याचे खडक ह्यांचे हवामान निराळे, पाखरे निराळी, भोवतालची माणसे निराळी. पण माणूस तेथे कशासाठी गेला, ह्याचा इतिहास मात्र दोन्हीकडे बराचसा एकसारखा आहे.

प्रथम हे पाहिले पाहिजे की सागरपक्षी अशी अडचणीची जागा का निवडतात. पाण्यावर राहणाऱ्या पाखरालाही अंडी जमिनीवरच घालावी लागतात, आणि जमिनीवर त्याचे चालत नाही. जो पक्षी हवेत आणि लाटांवर राजा असतो तो खडकावर उतरला म्हणजे लंगडत चालतो. घूस, मांजर, कोल्हा, मुंगूस ह्यांपैकी एक जरी प्राणी त्या जागी पोहोचला तरी एका हंगामात सारी वसाहत उजाड होऊ शकते. म्हणून ज्या कड्यावर किंवा बेटावर चार पायांचे जनावर चढू शकत नाही अशी जागा तो शोधतो. अशा जागा थोड्या. त्यामुळे सारे तेथेच गोळा होतात. गिलेमॉट नावाचा उत्तरेकडचा पक्षी घरटे बांधतच नाही. वीतभर रुंदीच्या उघड्या कंगोऱ्यावर तो एकच अंडे घालतो आणि शेजाऱ्याच्या पंखाला पंख लावून उभा राहतो. ते अंडे एका टोकाला चांगलेच निमुळते असते, त्यामुळे उतारावर ते गोल अंड्यापेक्षा बरे टिकते.

एकच अंडे, हा मुद्दा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चिमणी वर्षातून दोन-तीनदा वीण करते. फुल्मर, गॅनेट, पफिन हे सागरपक्षी वर्षाला एकच अंडे घालतात. फुल्मर तर सुमारे नऊ वर्षांचा झाल्यावाचून विणीस लागतच नाही. ही पाखरे दीर्घायुषी असतात, त्यांचा हिशेब वर्षांचा नसून दशकांचा असतो. म्हणून एखाद्या बेटावर लाख पाखरे दिसली तरी ती संपत्ती अक्षय आहे असे समजणे हा मोठा भ्रम होय. आणि माणसाने हा भ्रम पुष्कळ काळ जोपासला.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस, बाहेरच्या हेब्रिडीझ बेटांच्याही पलीकडे सुमारे चाळीस मैलांवर सेंट किल्डा नावाचा बेटांचा पुंजका आहे. तेथे शतकानुशतके लहानशी मनुष्यवस्ती होती आणि ती पाखरांवरच जगत होती. झाड नाही, शेत नावापुरते, मासेमारीला समुद्र फार खवळलेला. तेव्हा कमरेला दोर बांधून चारशे मीटर उंचीच्या कड्यांवरून खाली उतरावयाचे आणि गॅनेट, फुल्मर, पफिन धरावयाचे. मांस खाण्याला, तेल दिव्याला, आणि पिसे मालकाच्या खंडापोटी. मोठा होणारा मुलगा कड्यावर कसा उतरतो ह्यावरून तेथे त्याची लायकी ठरे. ह्या लोकांना कोणी क्रूर म्हणेल. परंतु त्यांनी पाखरे मारली ती पोटासाठी, आणि तीही पुढच्या वर्षी पुन्हा लागणार आहेत हे जाणून.

खरा नाश झाला तो दुसऱ्याच हातांनी. ग्रेट ऑक हा उत्तर अटलांटिकमधला मोठा, उडता न येणारा सागरपक्षी. खलाशांनी मांसासाठी आणि व्यापाऱ्यांनी पिसांसाठी त्याची प्रचंड कत्तल केली. तो दुर्मीळ झाला तेव्हा त्याला वाचविण्याची बुद्धी होण्याऐवजी संग्रहालयांना आणि धनिक हौशी लोकांना त्याचे कातडे हवेसे झाले. आइसलंडजवळच्या एल्डी ह्या खडकावर १८४४ च्या जून महिन्यात शेवटची जोडी मारली गेली. ती संग्राहकांसाठीच मारली गेली. ज्ञानाची हौस आणि मालकीची हौस ह्यांतील अंतर किती थोडे असते ह्याचे ह्याहून विदारक उदाहरण शोधून सापडावयाचे नाही.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८६९ साली, इंग्लंडात सागरपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. यॉर्कशायरच्या कड्यांखाली आगबोटी उभ्या करून केवळ करमणुकीखातर बंदुका झाडणाऱ्या लोकांचा उपद्रव हे त्याचे एक कारण होते. विणीच्या महिन्यांत पाखरे मारण्यास बंदी झाली. अंड्यांचे नाव मात्र त्या कायद्यात नव्हते.

ह्याच यॉर्कशायरमधील एका शेतकऱ्याच्या घरी रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे दोघे भाऊ जन्मले. रिचर्ड लहानपणच्या दुखापतीमुळे पायाने अधू होता. दोघेही लंडनला एका प्रकाशनसंस्थेत नोकरीस लागले. १८९२ च्या एप्रिलमध्ये चेरीने अंडी असलेल्या एका घरट्याचे छायाचित्र घेतले, आणि अंडे उचलून आणण्याऐवजी त्याचे चित्र आणावे ही कल्पना ह्या दोघांच्या डोक्यात पक्की बसली. १८९५ साली निघालेले त्यांचे पुस्तक आरंभापासून शेवटपर्यंत छायाचित्रांनी सजविलेले होते. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिवई आणि काचेच्या जड पट्ट्या. पाखरू स्थिर बसल्यावाचून चित्र उठत नसे. म्हणून ह्या भावांनी लपण्याच्या नाना तऱ्हा काढल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे पोकळ बैल. बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून, त्याच्या पोटात माणूस आणि कॅमेरा बसवून तो कुरणात उभा करावयाचा. हा बैल एकदा आतल्या माणसासह उलथून पडला आणि चारही पाय आकाशाकडे करून राहिला, अशी हकीकत आहे.

हे बंधू १८९६ साली सेंट किल्ड्याला गेले. पाखरांबरोबरच कड्यांवरून दोराने उतरणाऱ्या बेटवाल्यांचीही छायाचित्रे त्यांनी घेतली, आणि दुसऱ्याच वर्षी ती ग्रंथरूपाने छापली. त्या ग्रंथाचे महत्त्व असे की, एका बाजूस पाखरे धरणारा माणूस आणि दुसऱ्या बाजूस पाखरे टिपणारा माणूस हे तेथे समोरासमोर आले. त्या कड्यांवर कोणत्या कंगोऱ्याला कोणते पाखरू बसते ह्याचे ज्ञान पहिल्याजवळ होते. दुसऱ्याजवळ यंत्र होते. पुढे साथीचे रोग, तरुणांचे स्थलांतर आणि एकाकीपणा ह्यांनी ती वस्ती खचत गेली. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसे स्वतःच्या विनंतीवरून जहाजात चढली आणि बेट पाखरांना मोकळे झाले.

आता वेंगुर्ल्याकडे वळावे.

वेंगुर्ले हे बंदर सतराव्या शतकात डचांच्या वखारीमुळे परदेशी जहाजांस चांगले परिचित होते. गोव्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांना तेथे एक भय असे. किनाऱ्यापासून काही मैल आत, वायव्येच्या बाजूस, काळ्या खडकांची एक विस्कळीत रांग पाण्याबाहेर डोकावते. पोर्तुगीज दर्यावर्दी त्यांना जळकी बेटे म्हणत, आणि इंग्रजी नकाशांतही तेच नाव उतरले. रांग उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. लहानमोठे मिळून वीसएक खडक भरतील. एका खडकावर दीपगृह आहे. गोड्या पाण्याचा ठिपूस नाही, सावलीला झाड नाही. किनाऱ्यावरच्या निवतीहून किंवा वेंगुर्ल्याहून होडी करून जावे लागते, आणि गेल्यावर उतरता येईलच असा भरवसा नाही. लाट खडकावर चढते त्या क्षणी उडी मारावी लागते, आणि तो क्षण कोणता हे तांडेलच सांगू शकतो.

ह्या खडकांकडे पक्षिशास्त्रज्ञाच्या दृष्टीने पाहणाऱ्या पहिल्या थोड्या माणसांत ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम होता. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारा म्हणून ह्यूमचे नाव प्रत्येक सुशिक्षित घरात ठाऊक आहे. १८८५ साली सभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते आणि पटकीच्या साथीमुळे ते मुंबईस हलविले गेले, हेही पुणेकर विसरलेले नाहीत. परंतु त्याच्या काळच्या विद्वानांत त्याची ख्याती होती ती पाखरांचा अभ्यासक म्हणून. १८७२ साली त्याने हिंदुस्थानातील पक्ष्यांना वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. १८७५ च्या आरंभी तो ‘क्लाइड’ ह्या सरकारी मोजणी-जहाजातून लखदिवांच्या सफरीस गेला, आणि पश्चिम किनाऱ्याच्या त्या प्रवासात वेंगुर्ल्याचे खडकही त्याने पाहिले. सुरयांचा विणीचा काळ तो नव्हे. सुरय म्हणजे कुरवापेक्षा शेलाटा, टोकदार पंखांचा, दुभंगलेल्या शेपटीचा सागरपक्षी. ह्यूमला तेथे जिवंत सुरयांचे मेळे भेटले नाहीत. मागल्या हंगामात मेलेल्या पाखरांची उन्हाने वाळून कोळ झालेली शरीरे मात्र खडकांवर सापडली. तेवढ्यावरून त्याने ओळखले की ही विणीची जागा आहे. पुरावा थोडा आणि अनुमान बरोबर, असा हा प्रसंग आहे.

ह्यूमही बंदुकीचाच पाईक होता, हे विसरून चालणार नाही. त्या काळी पाखरू ओळखावयाचे म्हणजे मारावयाचे; कातडे हातात आल्याशिवाय कोणी विश्वास ठेवीत नसे. त्याच्याजवळ कातडी, घरटी आणि अंडी मिळून सुमारे ८२,००० नमुने जमले होते. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर एक महाग्रंथ लिहिण्याचा त्याचा बेत होता. पण १८८४ च्या सुमारास सिमल्यातील त्याच्या घरून पंचवीस वर्षांची हस्तलिखिते एका नोकराने काढून बाजारात रद्दीच्या भावाने विकली. मनस्वी माणूस तो. त्याचा ह्या विषयातील रसच आटला, आणि १८८५ मध्ये सारा संग्रह त्याने लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकला. तोवर थिऑसफीच्या संगतीने तो शाकाहारी झाला होता आणि शिकारही त्याने सोडली होती.

वेंगुर्ल्याच्या खडकांवर ह्यूमच्या आधीपासून एका निराळ्या गिऱ्हाइकाची नजर होती. तेथील एका अंधाऱ्या गुहेत पाकोळीची एक जात राहते. टी. सी. जर्डन ह्या इंग्रज डॉक्टराने १८४० साली तिला शास्त्रीय नाव दिले. ही पाकोळी चिमणीहूनही लहान, धुरकट रंगाची. दिवसभर हवेत किडे टिपीत फिरते आणि रात्री गुहेत परतते. मिट्ट काळोखात ती टकटक असा आवाज करीत उडते आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून भिंत कोठे आहे ते ओळखते. वटवाघळाची विद्या पाखरांमध्ये फार थोड्यांना साधली आहे, त्यांत हिची गणना होते. तिचे घरटे तर त्याहून अद्भुत. विणीच्या दिवसांत तिच्या तोंडातील लाळेच्या ग्रंथी फुगतात. ती चिकट लाळ ती खडकाच्या भिंतीला लावीत जाते, आणि हवा लागून ती कडक होते. अर्ध्या वाटीच्या आकाराचे हे घरटे भिंतीला चिकटून राहते आणि त्यात ती दोन अंडी घालते.

चीनमध्ये ह्या घरट्यांचे सार करून खाण्याची जुनी चाल आहे. औषधी म्हणून, पौष्टिक म्हणून, आणि मुख्यतः महाग म्हणून त्याला मान. वेंगुर्ल्याच्या पाकोळीच्या घरट्यात पिसे व काड्या मिसळलेल्या असतात, त्यामुळे पूर्वेकडच्या शुभ्र घरट्यांपेक्षा त्याला भाव कमी. तरीही व्यापाऱ्याला ते सोडवत नसे. इंग्रजी अमदानीत ही घरटी काढण्याचा हक्क मक्त्याने दिला जाई. एकदा मक्ता दिला म्हणजे किती घरटी काढली, त्यांत अंडी होती की पिले होती, ह्याची चौकशी करणार कोण? घरटे ओरबाडले की पाकोळी दुसरे बांधावयास घेते. ते नेले की तिसरे. लाळ म्हणजे काही समुद्राचे पाणी नव्हे. प्रत्येक वेळी घरटे लहान, मळकट होत जाते आणि हंगाम निघून जातो.

खडकांवरील सुरयांची नीट हकीकत जगापुढे मांडली ती हुमायून अब्दुलअली ह्यांनी. मुंबईची निसर्ग-इतिहास संस्था १८८३ साली स्थापन झाली. तिच्या कामात अब्दुलअलींनी दीर्घकाळ स्वतःला वाहून घेतले होते. वेंगुर्ल्याचे सुरय आणि पाकोळ्या ह्यांवरील त्यांचा लेख संस्थेच्या नियतकालिकात १९४२ च्या सुमारास आला. मोठा तुरेवाला सुरय, लगामी सुरय आणि गुलाबी सुरय अशा जाती ह्या खडकांवर विणीस येतात, असे त्या व पुढच्या पाहण्यांतून दिसून आले. सुरय घरट्याचा खटाटोप करीत नाही; उघड्या खडकावर, फार तर गवताच्या झुपक्याआड, एखाददुसरे ठिपक्यांचे अंडे टाकतो.

ह्या पाहण्या इतक्या थोड्या का, ह्याचे उत्तर पंचांगात आहे. सुरय विणीला येतात ते वैशाख-ज्येष्ठात, म्हणजे ज्या दिवसांत दक्षिणेचे वारे सुटू लागतात आणि कोकणातील होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या जातात. नारळी पौर्णिमेपर्यंत त्या समुद्रावर कोणी जात नाही. तेव्हा ज्याला सुरयांची अंडी पाहावयाची त्याला मे महिन्याच्या थोड्या दिवसांत, वारा पडला असेल त्या सकाळी, घाईघाईने जाऊन यावे लागते. उत्तरेकडच्या बेटांना असा पहारा नाही. तेथे विणीचा हंगाम आणि शांत समुद्र हे एकाच वेळी येतात. आपल्या खडकांवर मात्र अंडी व पिले ह्यांच्या राखणीस खुद्द पर्जन्यकाळ उभा असतो, आणि सरकारच्या कोणत्याही शिपायापेक्षा त्याने ते काम चोख बजावले आहे.

पाकोळ्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्यांची वीण फाल्गुनाच्या सुमारासच सुरू होते. समुद्र तेव्हा तळ्यासारखा असतो. १९७२ साली देशात वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, परंतु समुद्रातल्या एका गुहेत काय चालते ह्याकडे कोणाचे लक्ष जाणार? १९८७ मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरापुरते. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ह्या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी किनाऱ्यावरील पाखरांची पाहणी करीत २००१ च्या सुमारास ह्या खडकांवर पोहोचले, तेव्हा गुहेत त्यांना बांबूंची परांची उभारलेली दिसली. भिंतीवर हात पोहोचावा म्हणून घरटी चोरणारांनी ती बांधली होती. ज्या जागी वर्षानुवर्षे कोणी प्रामाणिक माणूस फिरकला नव्हता त्या जागी चोर मात्र सुताराच्या निगुतीने काम करून गेले होते.

पुढची हकीकत समाधानाची आहे. संस्थेने हा प्रकार वनखात्याच्या नजरेस आणला, खडकांवर देखरेख ठेवली, चोरट्या व्यापारास पायबंद बसला. आणि नंतर थोड्याच काळात ह्या पाकोळीचे नाव कायद्याच्या सर्वांत कडक परिशिष्टात घातले गेले. पुण्याचे डॉ. सतीश पांडे ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनीही कोकण किनाऱ्यावरील पाकोळ्यांच्या पाहणीस हातभार लावला. वेंगुर्ल्याची वसाहत वाचली ती कोणीतरी तेथे पाहावयास गेले म्हणून, ही गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. कारण पाखरांना एकटे सोडावे, तेथे कोणी जाऊच नये, असे म्हणणाराही एक पक्ष आहे. कोणीच गेले नसते तर परांची आजही तेथे असती.

तथापि पाहावयास जाणे हेही निरुपद्रवी नव्हे. हिंदुस्थानात पक्ष्यांच्या छायाचित्रणाची परंपरा आता जुनी झाली आहे. ई. एच. एन. लोदर ह्यांचे त्या विषयावरील पुस्तक १९४९ साली निघाले. सिंगापूरचे धनिक लोके वान थो ह्यांनी सालिम अलींच्या सहवासात फिरून घेतलेली चित्रे १९५७ मध्ये ग्रंथरूपाने आली. तेव्हा हा षोक मूठभर लोकांचा होता. आता भिंग आणि यंत्र हजारोंच्या हाती आहे. होडी खडकाला लागली आणि दहा माणसे खाली उतरली म्हणजे सारे सुरय एकदम उठतात. चित्राला तो देखावा उत्तम: आकाशभर पांढरे पंख. पण खाली उघड्या खडकावर अंडी असतात आणि वर मे महिन्याचे ऊन असते. पाखरू अंड्यावर बसते ते येथे उबेपेक्षा सावलीसाठी. थोडा वेळ सावली गेली तरी आतला जीव भाजून मरतो. आणि तेवढ्यात कावळा किंवा समुद्रगरुड फिरकला तर त्याचेही काम सोपे होते. ज्याला अत्यंत सुंदर चित्र मिळाले त्यानेच सर्वांत अधिक अंडी मारली, असा हा विपरीत हिशेब होऊ शकतो.

उत्तरेकडे हा हिशेब त्यांनी बराचसा सोडविला आहे. वेल्सजवळच्या स्कोमर बेटावर दिवसाला २५० माणसांनाच उतरू देण्याचा नियम पुष्कळ वर्षे चालत आला. पफिनची बिळे पायाखाली चेपू नयेत म्हणून आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकावयाचे नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या फार्न बेटांवर तर सुरयच नियम शिकवितात. वाटेजवळ बसलेली मादी चोचीने थेट डोक्यावर प्रहार करते, आणि म्हणून प्रवाशांनी टोपी घालावी अशी तेथे सूचना असते. ह्याच बेटांवर सेंट कथबर्ट ह्या साधूने सातव्या शतकात पाखरांना अभय दिले अशी परंपरागत समजूत आहे. २०२२ साली पाखरांची सर्दी म्हणून ओळखला जाणारा घातक रोग सागरपक्ष्यांत पसरला, तेव्हा फार्न बेटांवर उतरणे बंद करण्यात आले, आणि ती बंदी उठली २०२४ च्या मार्चमध्ये. जाण्याचा हक्क पाखरांच्या सवडीने ठरावा, हे तेथील लोकांनी पैशाचे नुकसान सोसून मान्य केले.

आपल्याकडे असा एक प्रयोग कोकणातच झालेला आहे. त्याच चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी राखण्याचे काम केले, आणि २००६ पासून पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोकांना बोलाविले. पाहुणे गावातील घरांतच उतरतात, तेथेच जेवतात, आणि गावकरी सांगतील तेथे दोरीबाहेर उभे राहतात. जो पूर्वी अंडी उकरून नेत असे त्याच्याच गावाला कासव जगण्यात लाभ दिसू लागला. वेंगुर्ल्याच्या खडकांवर हे जसेच्या तसे उतरणार नाही. वाळूवर दोरी बांधता येते, लाटेवर बांधता येत नाही. परंतु होडी नेणारा माणूस येथेही स्थानिकच आहे. कोणत्या खडकाभोवती किती अंतरावरून फेरी मारावी, सुरय उठू लागले की वल्हे कधी थांबवावे, गुहेच्या तोंडाशी दिवा का लावू नये, हे तांडेलाला समजले आणि त्याचे भाडे खडकावर उतरविण्यावर अवलंबून राहिले नाही, म्हणजे पुष्कळसे काम होण्यासारखे आहे. लांब भिंगाचा खरा उपयोग तोच: कीअर्टन बंधूंना बैलाच्या पोटात शिरल्यावाचून जे साधत नव्हते ते आता डोलत्या होडीतून, शंभर हातांवरून साधते.

ज्येष्ठाच्या पहिल्या वादळानंतर ही सारी चर्चा आपोआप थांबते. निवतीच्या होड्या वर ओढलेल्या असतात, आणि खडकांवर पिलांना पंख फुटत असतात. श्रावणात नारळ समुद्राला अर्पण करून होड्या पुन्हा सुटतात, तोवर सुरय आपली पिले घेऊन दूर समुद्रात पांगू लागलेले असतात. हिवाळ्यात जो खडकावर उतरेल त्याला दिसेल ते ह्यूमला १८७५ साली दिसले तसलेच काही, विष्ठेने पांढरे झालेले दगड आणि वाळलेली पिसे. गुहेत मात्र पाकोळ्यांची टकटक तेव्हाही चालू असते.